आल्बुकर्कीतलं पहिलं वर्ष: उंचावरच्या वाळवंटातली हवा कशी सांभाळायची

अमेरिकेतलं न्यू मेक्सिको राज्य म्हणजे वाळवंट, एवढंच ऐकून बॅगेत सुती कपडे भरणारी मंडळी जानेवारीत तिथल्या आल्बुकर्की शहराच्या विमानतळाबाहेर पडतात आणि कुडकुडायला लागतात. जूनमध्ये येणारे "घाम येत नाही, छान आहे" म्हणत दिवसभर टोपीशिवाय हिंडतात आणि संध्याकाळी डोकं धरून बसतात. हा लेख या सगळ्यांसाठी आहे: विद्यापीठात आलेले विद्यार्थी, इस्पितळात रुजू झालेले डॉक्टर, शेजारच्या रिओ रांचोत चिपच्या कारखान्यात लागलेले अभियंते, आणि त्यांच्याकडे काही महिन्यांसाठी राहायला येणारे आईवडील. त्यातही आईवडिलांसाठी जास्त, कारण या हवेचा त्रास आधी त्यांना होतो आणि बोलून मात्र ते शेवटी दाखवतात.

आधी जमीन समजून घ्या

आल्बुकर्की ज्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, येतं तिचं नाव बर्नालियो. रिओ ग्रांदे नदी तिच्या मधून उत्तरेकडून दक्षिणेला वाहते. नदीकाठची उंची साधारण ४,९०० फूट. तिथून पूर्वेला शहर चढत जातं आणि डोंगरपायथ्याच्या वस्त्या सहा हजार फुटांच्या वर पोचतात. त्यांच्या पाठीमागे सँडिया पर्वताचा सरळ कडा, माथा १०,६७८ फूट. आपलं कळसूबाई ५,४०० फुटांचं. म्हणजे इथला माणूस जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर राहतो आणि खिडकीतून पाहिलं तर त्याच्यासमोर आणखी एक कळसूबाई उभं असतं.

समुद्र फार लांब आहे. पश्चिमेकडून येणारी हवा वाटेतल्या डोंगररांगांवर आपलं पाणी टाकून मगच इथे पोचते. शहरात वर्षभराचा पाऊस जेमतेम नऊ इंच. हवेत बाष्प नाही आणि वर ढगांचं पांघरूण नाही, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री ती सगळी उष्णता सोडून मोकळी होते. दुपार आणि पहाट यांच्यात पंधरा अंश सेल्सियसचा फरक ही इथली रोजची गोष्ट आहे.

माझं मुख्य सांगणं यातूनच निघतं. इथे महिना कोणता आहे यापेक्षा घड्याळात किती वाजलेत आणि आपण किती उंचीवर उभे आहोत, यावरून दिवस आखायचा. ही सवय एकदा लागली की बाकी सगळं सोपं होतं.

पहिली पायरी: घर बघताना उंची विचारा

भाडं, शाळा, ऑफिसचं अंतर हे सगळे बघतात. त्यात उंचीची भर घाला. रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली येते आणि नदीकाठच्या सखल भागात साचते. त्यामुळे नॉर्थ व्हॅली आणि साऊथ व्हॅलीत हिवाळ्याची पहाट वरच्या हाइट्सपेक्षा, म्हणजे पूर्वेकडच्या चढावरच्या वस्त्यांपेक्षा, चांगलीच थंड असते. उंचावर थंडी जास्त हा आपला नेहमीचा हिशेब इथे रात्रीपुरता उलटतो. व्हॅलीत झाडी आणि पाटाचं पाणी आहे, उन्हाळ्यात सावली मिळते. पण तिथे दहिवर उशिरापर्यंत पडतं, म्हणून कुंडीतल्या कढीपत्त्याचे हाल होतात.

टिहेरास खिंडीच्या तोंडाशी, शहराच्या आग्नेय बाजूला घर घेत असाल तर पूर्ववाऱ्याची चौकशी करा. पर्वतापलीकडे साचलेली थंड हवा त्या खिंडीतून शहरात घुसते तेव्हा ताशी शंभर किलोमीटरच्या आसपासचे झोत येऊ शकतात, तेही बहुधा रात्री किंवा पहाटे. पत्रे वाजतात, कुंपणं आडवी होतात.

आणि पर्वतापलीकडच्या ईस्ट माउंटन्समध्ये, म्हणजे टिहेरास, सीडर क्रेस्टकडे, घर स्वस्त आणि देखणं मिळालं तरी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: काउंटी तीच असली तरी तिथला हिवाळा वेगळा आहे. शहरात नुसतं भुरभुरतं तेव्हा तिथे अंगणातला बर्फ फावड्याने ओढावा लागतो, आणि कामावर यायचा रस्ता त्याच खिंडीतून जातो.

दुसरी पायरी: पहिले पंधरा दिवस शरीराला द्या

या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे अठरा टक्क्यांनी कमी असतो. जिना चढताना धाप लागणं, पहिल्या काही रात्री झोप नीट न लागणं, हलकं डोकं दुखणं हे बहुतेकांना होतं आणि आपोआप जातं. पहिल्या आठवड्यात डोंगर चढायला जाऊ नका. केबलकार घेऊन सँडियाच्या माथ्यावर जायचा मोह सगळ्यांना होतो, पण तिचं वरचं स्थानक दहा हजार फुटांच्या वर आहे. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा त्रास असलेल्या वडीलधाऱ्यांना डॉक्टरांना विचारूनच वर न्या.

कोरडेपणा मात्र आपोआप जात नाही, त्याच्याशी वर्षभर नातं ठेवावं लागतं. मे-जूनच्या दुपारी आर्द्रता दहा टक्क्यांखाली जाते. घाम येतो, पण दिसायच्या आत उडून जातो, म्हणून तहान लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. आईबाबांच्या हाताशी तांब्याभांडं भरून ठेवा आणि मधूनमधून आठवण करा. सकाळी उठल्यावर नाकातून रक्ताचा थेंब आला तर घाबरू नका; रात्री झोपताना नाकपुडीच्या आत बोटाने जरासं पेट्रोलियम जेली लावा आणि हिवाळ्यात खोलीत वाफाऱ्याचं यंत्र, म्हणजे ह्युमिडिफायर, चालू ठेवा. टाचांच्या भेगांना रात्री मलम आणि वर मोजे. रक्त वारंवार किंवा जास्त येत असेल तर मात्र दवाखाना गाठा.

ऊन फसवं आहे. सावलीत गार वाटतं म्हणून लोक निर्धास्त राहतात, पण इतक्या उंचीवर अतिनील किरणं समुद्रसपाटीपेक्षा साधारण पंधरा टक्के जास्त असतात. आपल्या सावळ्या कातडीला काही होत नाही हा समज सोडून द्या. रुंद काठाची टोपी, गॉगल आणि सनस्क्रीन जानेवारीतही, आणि बर्फ पडलेला असेल तर हमखास.

स्वयंपाकघरात पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या भांड्यात तूरडाळ शिजवण्याचा नाद सोडा. कुकरला घरी लागायच्या त्याहून एक-दोन शिट्ट्या जास्त द्या, राजमा-छोले रात्रभर भिजवून मगच लावा. कणीक मळून झाली की लगेच ओलं फडकं टाका, नाहीतर पाच मिनिटांत वर पापुद्रा धरतो. याचा फायदाही आहे: सांडगे, कुरडया, मिरच्या इथे बघता बघता कडकडीत वाळतात. फक्त वाळवण एप्रिलमध्ये घालू नका. का ते पुढे येईलच.

घरात वाद्य असेल तर त्याचीही काळजी घ्या. कोरड्या हवेत तबल्याची पुडी आवळत जाते आणि सूर चढतो, लाकडाला चीर जाऊ शकते. वाद्य हीटरच्या झरोक्यापासून लांब, पेटीत किंवा गवसणीत ठेवा.

तिसरी पायरी: कूलर की एसी, ते बघून घ्या

घर बघताना छपरावर काय बसवलंय ते विचारा. आल्बुकर्कीतल्या पुष्कळ घरांवर, विशेषतः जुन्या, स्वॅम्प कूलर असतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या किंवा जळगावकडच्या माणसाला हे यंत्र समजावून सांगायला नको, आपला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर तोच हा. इथे ताटीत वाळ्याऐवजी बहुधा अ‍ॅस्पेन लाकडाचा भुसा असतो. मुंबई-कोकणातल्या लोकांनी मात्र त्याची रीत नीट शिकून घ्यावी.

एसीसारखी दारं-खिडक्या बंद करून कूलर लावलात तर घरात नुसती दमट कोंडी होते. ज्या खोलीत गारवा हवा तिथली खिडकी दोन-चार इंच उघडी ठेवायची, म्हणजे ओली हवा बाहेर जात राहते आणि नवी आत येते. आधी पाच मिनिटं फक्त पंप चालवून ताट्या भिजू द्यायच्या, मग पंखा. जूनमध्ये बाहेर ३५ अंश असताना आत २३-२४ अंश सहज मिळतात, तेही एसीपेक्षा खूपच कमी विजेत. मला कूलरच आवडतो आणि बजेट बेताचं असेल त्याला मी तोच सुचवते.

पण त्याच्या तीन मर्यादा माहीत हव्यात. जुलै-ऑगस्टमध्ये हवेत बाष्प आलं की तो निम्माही काम करत नाही. तो बाहेरची हवा आत ओढतो, त्यामुळे वणव्याचा धूर, वाऱ्यातली धूळ आणि परागकण तेवढेच आत येतात. दम्याचा रुग्ण घरात असेल तर एसीचंच घर घ्या. आणि तिसरं, इथलं पाणी जड आहे, ताट्यांवर पांढरा क्षार साचतो, म्हणून दर हंगामाला ताट्या बदलाव्या लागतात. भाड्याच्या घरात हे काम घरमालकाचं की तुमचं, ते करारात लिहून घ्या. एप्रिलमध्ये घाई करून कूलर सुरू केलात आणि एखादी रात्र शून्याखाली गेली तर छतावरची पाण्याची नळी फुटते. मेपर्यंत धीर धरा.

चौथी पायरी: वर्ष तासांनी वाचा

तुम्ही कोणत्या महिन्यात येताय त्याप्रमाणे सुरुवात करा.

मार्च ते मे हा वाऱ्याचा हंगाम. वसंत म्हटल्यावर आपल्याला आंब्याचा मोहोर आठवतो, इथे दातांत रेती येते. वरच्या थरांत या दिवसांत पश्चिमेचे जोरदार वारे असतात. सकाळी जमीन गार असते तोवर ते वरच राहतात, दुपारी जमीन तापून हवा खालीवर घुसळली गेली की ते खाली उतरतात, आणि सूर्यास्तानंतर पुन्हा शांत होतं. म्हणून फिरायला जाणं, कपडे वाळत घालणं, अंगणातली कामं, सगळं अकराच्या आत उरका. पाडव्याची गुढी अंगणात उभारणार असाल तर काठी कठड्याला दोन ठिकाणी घट्ट बांधा, कलशही दोरीने आवळा, आणि जमल्यास दुपार व्हायच्या आत घरात घ्या. याच काळात आधी जुनिपरचे आणि मग एल्म, मलबेरीचे परागकण उडतात. भारतात कधी शिंक आली नाही अशा माणसालाही इथे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी अ‍ॅलर्जी सुरू होते. सर्दी पंधरा दिवस हटेना तर ती सर्दी नाही असं समजून डॉक्टरांकडे जा.

महामार्गावर धुळीचं वादळ समोर आलं तर त्यात घुसू नका. आत सापडलातच तर गाडी रस्त्यापासून शक्य तेवढी बाजूला घ्या, सगळे दिवे बंद करा, हँडब्रेक लावा आणि ब्रेकवरचा पाय काढा. दिवे का बंद करायचे ते नवख्याला कळत नाही: मागून येणारा तुमचे लाल दिवे पाहून रस्ता तिकडेच आहे असं समजतो आणि थेट तुमच्यावर येऊन आदळतो.

जून भलताच तापट. इथला विक्रम २६ जून १९९४चा, सुमारे ४२ अंश. नागपूर-चंद्रपूरच्या माणसाला ते काही वाटणार नाही, आणि खरंच संध्याकाळी साडेआठनंतर हवा इतकी सुखद होते की बाहेर जेवायला बसावं. पण जंगलं याच वेळी काडीपेटीच्या गुलासारखी होतात. २०२२च्या वसंतात राज्याच्या ईशान्येला हर्मिट्स पीक-काफ कॅन्यनचा वणवा लागला, तो वाऱ्याने भडकत तीन लाख एकरांपलीकडे गेला, राज्याच्या इतिहासातला सगळ्यात मोठा. असे वणवे दूर पेटले तरी धूर खोऱ्यात उतरून रात्रभर साचून राहतो. अशा दिवशी हवेच्या गुणवत्तेचा आकडा बघा, कूलर बंद ठेवा, आईबाबांचं पहाटेचं फिरणं रद्द करा. सँडियाच्या जंगलवाटा या दिवसांत कधी कधी पूर्ण बंद ठेवतात. जायच्या आधी खात्री करा.

मग येतो पाऊस, आणि इथे मला जास्त बोलायचंय, कारण आपण मराठी माणसं पावसाला घाबरत नाही आणि तेच इथे जिवावर बेततं. सरकारी मोजणीत मान्सून १५ जून ते ३० सप्टेंबर, प्रत्यक्षात बहुधा जुलैच्या सुरुवातीला लागतो. उच्च दाबाचा पट्टा उत्तरेकडे सरकला की मेक्सिकोच्या बाजूने ओलावा वर येतो. झड नसते, संततधार नसते. सकाळ लख्ख. बाराच्या सुमारास सँडियाच्या माथ्यावर पांढरा ढग उभा राहतो, तीनपर्यंत त्याचा तळ काळा होतो, आणि चार ते आठच्या दरम्यान तो शहराच्या कुठल्यातरी एका भागावर रिकामा होतो. तुमच्या गल्लीत गटारं तुंबलेली, ऑफिसात मैत्रिणीच्या खिडकीबाहेर ऊन. कधी ढगातून पावसाच्या जटा लोंबताना दिसतात पण थेंब जमिनीला लागायच्या आधीच कोरड्या हवेत विरून जातात. त्यातून गार झालेली हवा मात्र धाडकन खाली आपटते आणि पाऊस न पडताच वादळ होतं.

शहरातून ठिकठिकाणी काँक्रीटचे रुंद कोरडे चर गेलेले दिसतील. त्यांना आणि मातीच्या ओढ्यांना इथे अरोयो म्हणतात. हे पायथ्याचं पाणी नदीकडे नेतात, आणि त्यांच्यासाठी १९६३ सालापासून स्वतंत्र पूरनियंत्रण प्राधिकरण आहे. वर्षातले बहुतेक दिवस तिथे मुलं सायकली खेळवतात, कुत्री पळतात. पण पाऊस पाच-सहा मैल लांब डोंगरावर पडलेला असतो, तुमच्या डोक्यावर निळं आभाळ असतं, आणि चरातून पाण्याची भिंत येते. उतरत्या गुळगुळीत काँक्रीटवर ते इतक्या वेगाने येतं की गुडघाभर पाण्यातही उभं राहता येत नाही, आणि बाजू इतक्या घसरड्या की वर चढता येत नाही. इथल्या शाळांत मुलांना 'डिचेस आर डेडली, स्टे अवे', म्हणजे चर जीवघेणे, लांब राहा, हे शिकवतात. तुमच्या मुलांना शाळेची वाट न बघता पहिल्याच आठवड्यात शिकवा, आणि पावसाळ्यात चर हा जवळचा रस्ता म्हणून तुम्हीही वापरू नका. रस्त्यावर वाहतं पाणी दिसलं तर गाडी वळवा, कितीही उशीर होवो.

विजेचंही तसंच. सँडियावरची ला लूझ वाट किंवा कड्यावरची कुठलीही वाट पहाटे चढायची आणि दुपारी बाराच्या आत माथा सोडायचा. सह्याद्रीत पावसात भिजत ट्रेक करणाऱ्यांना हे अळणी वाटतं. इथल्या उघड्या कड्यावर मात्र आसपास सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता, म्हणून माथा वेळेत सोडाच.

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा वर्षातला सर्वांत सुंदर काळ, पाहुण्यांना तेव्हाच बोलवा. बलून फिएस्टा, म्हणजे गरम हवेच्या फुग्यांचा उत्सव, ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी सुरू होऊन नऊ दिवस चालतो. १९७२ साली तो तेरा फुग्यांनी सुरू झाला. फुगे पहाटेच का उडतात ते पाहिलं की या खोऱ्याची हवा कळते. रात्री साचलेली गार हवा खालच्या थरात उत्तरेकडून दक्षिणेला सरकत असते आणि तिच्या वरचा वारा बरेचदा उलट, दक्षिणेकडून उत्तरेला. फुगेवाला खाली राहून दक्षिणेला जातो, मग वर चढून परत निघालेल्या जागेकडे येतो. ऊन चढलं की हे थर मोडतात आणि खेळ संपतो. मैदानावर पहाटे पाचला पोचायचं तर कानटोपी, हातमोजे, जाड जाकीट हवंच. दहा वाजता तेच सगळं हातात धरून फिराल.

ऑक्टोबरमध्ये तीन कामं विसरू नका. कूलरचं पाणी बंद करून नळी आणि टाकी पूर्ण रिकामी करा, वर आच्छादन घाला. बागेच्या नळाची रबरी पाइप काढून ठेवा. आणि तुळस, कढीपत्ता, जास्वंद महिन्याच्या मध्यालाच घरात, दक्षिणेच्या खिडकीत घ्या. तुळशीच्या लग्नापर्यंत बाहेर ठेवलीत तर बहुधा काळी पडलेली सापडेल. पुन्हा बाहेर काढायची ती मे उजाडल्यावर.

हिवाळ्यात जानेवारीचं कमाल तापमान सरासरी नऊ अंश, किमान उणे तीनच्या आसपास, आणि ऊन बहुतेक रोज. शहरात बर्फ पडतो आणि दुपारपर्यंत बराचसा वितळतो. धोका त्यानंतरचा: वितळलेलं पाणी रात्री गोठून रस्त्यावर काचेसारखा न दिसणारा थर होतो, आणि सकाळी सातला, उत्तरेकडच्या सावलीत, पुलावर गाडी घसरते. शक्य असेल तर बर्फानंतरच्या सकाळी दोन तास उशिरा निघा. कडाक्याची थंडी क्वचित येते, पण येते. ७ जानेवारी १९७१ला इथे पारा उणे २७ अंशांवर गेला होता, आणि २०११च्या फेब्रुवारीतल्या लाटेत राज्यातल्या हजारो घरांचा गॅसपुरवठाच बंद पडला. म्हणून जाड रजया, टॉर्च आणि पिण्याच्या पाण्याचा साठा घरात असू द्या. तशा रात्री बाहेरच्या भिंतीलगतचा नळ बारीक धारेने चालू ठेवा आणि सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवा, म्हणजे घराची ऊब पाइपांपर्यंत पोचते. शेकोटी किंवा लाकडाची भट्टी असलेल्या घरात ऑक्टोबर ते फेब्रुवारी 'नो बर्न'ची, म्हणजे लाकूड न जाळण्याची, सूचना आहे का ते पेटवण्याआधी बघा, कारण थंड हवा खोऱ्यात अडकते तेव्हा धूरही तिथेच राहतो.

पाचवी पायरी: अंदाज कसा बघायचा

फोनवरचं ढगाचं चित्र बघून ठरवू नका. ते सगळ्या शहराला एकच चित्र दाखवतं. राष्ट्रीय हवामान सेवेचं कार्यालय आल्बुकर्कीतच आहे. त्यांच्या संकेतस्थळावर नकाशात नेमक्या जागेवर टिचकी मारली की त्या उंचीचा अंदाज निघतो, आणि तिथला तासागणिक आलेख हीच खरी कामाची गोष्ट. आकडे फॅरनहाइटमध्ये येतील: ३२ म्हणजे गोठणबिंदू, ५० म्हणजे दहा अंश, ९५ म्हणजे ३५ अंश, एवढं पाठ असलं की भागतं. 'वॉच' लागला तर तयारीत राहा, 'वॉर्निंग' आली तर हातातलं काम सोडून कृती करा. फोनवरचे आपत्कालीन इशारे कर्कश वाटतात म्हणून पुष्कळ जण बंद करतात. ते चालू ठेवा. आईबाबांच्या फोनला भारतातलंच सिम असेल आणि ते घरीच राहत असतील, तर पावसाळ्यात दुपारी दोनच्या सुमारास त्यांना स्वतः एक फोन करा आणि संध्याकाळचं फिरणं चरापासून लांबच्या रस्त्याने होईल हे बघा.